सोळा मार्चची फुली

सोळा मार्चसमोर आपलं नाव आणि नावापुढे काढलेली फुली वुब्बो तिमरच्या नजरेला पडली तेव्हा तो विजार घोट्यापर्यंत खाली घेऊन बसलेला होता, त्यामुळे दचकून उठून उभं राहायचीही सोय नव्हती. फेन्नाच्या घरातला संडास म्हणजे निव्वळ कपाट. गुडघे दाराला टेकत होते, आणि दाराच्या आतल्या अंगाला, बसलेल्या माणसाच्या अगदी डोळ्यांसमोर, वाढदिवसांचं कॅलेंडर खिळ्याला टांगलेलं होतं. घरोघरी असतं तसंच. वार नाहीत, साल नाही. नुसत्या तारखा आणि तारखांसमोर माणसं. बसल्या बसल्या वाचायचं, कुणाचा वाढदिवस आलाय, कुणाचा राहून गेला. माणूस मेलं तरी त्याचं नाव कुणी खोडत नाही. नावापुढे बारीकशी फुली काढतात, गेल्याची तारीख घालतात, आणि मग ते माणूस दर वर्षी आपल्या ओळीत मुकाट येऊन बसतं. मार्चच्या पानावर अशा चार फुल्या होत्या. तीन वाजवी होत्या. त्या तिघांनाही वुब्बो ओळखत होता, आणि तिघंही मेडरहाम गावच्या चर्चमागे नीट पुरलेले होते. चौथी त्याची स्वतःची. ‘वुब्बो’, फुली, ११-११-७८. अक्षर फेन्नाच्या आईचं, गेस्केचं. तिचा तो ‘ब’ पोटाला फुगलेला असायचा, शाळेत बाई छडी मारायच्या तरी तिने सुधारला नव्हता. निळी शाई करडी पडली होती. म्हणजे फुली आजकालची नव्हती. परवा त्याला ब्याऐंशी पूर्ण होणार होती, आणि या घराच्या हिशेबी तो चाळीस वर्षांपूर्वीच गेलेला होता.

आधी त्याला हसूच आलं. म्हटलं, चूक झाली असेल बाईची, दुसऱ्या कुणाची फुली माझ्या ओळीत पडली असेल. खासदारकीत असताना एका वर्तमानपत्राने एकदा त्याचा फोटो मृत्युलेखावर छापला होता, तेव्हा तो सभागृहभर ते पान फडकावत हिंडला होता, सगळ्यांना कॉफी पाजली होती. पण गेस्के तसली चूक करणारी नव्हती. ती सहकारी दुकानात साखर तोलायची तेव्हा दाणाभर इकडेतिकडे व्हायचं नाही. हसू तोंडातच थिजलं आणि पायांना एकदम गार वाटायला लागलं. अकरा-अकरा. पक्षाची ती बैठक ऑक्टोबरात होती, तेवीस ऑक्टोबर. ती तारीख तो झोपेतही सांगू शकला असता. मग अकरा नोव्हेंबर का? त्याने मान पुढे काढून पुन्हा वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. अकराच होते.

आणि वीस मिनिटांपूर्वी काय छान चाललं होतं सगळं! तीन आठवड्यांपूर्वी फेन्नाचं कार्ड आलं होतं, ‘साठ पूर्ण होताहेत. चौदा तारखेला दुपारी तीनला. या, वुब्बो काका.’ बस, एवढंच. काका! ती पाच वर्षांची असताना त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून काका काका करायची, आणि एकोणीस वर्षांची झाली तेव्हापासून तिने त्याला रस्त्यात ओळखही दिली नव्हती. गेस्के वारली तेव्हा त्याला कुणी कळवलं नाही, त्याने पेपरात वाचून फुलं पाठवली, ती फुलवाल्याने संध्याकाळी त्याच्या दारात परत आणून ठेवली. आणि आता हे कार्ड. ते त्याने इतक्यांदा वाचलं की त्याचे कोपरे मऊ पडले. गळ्यातली गाठ परत आली होती. पहिल्या शस्त्रक्रियेत आवाज गेला होता, आता दुसरी करण्यात अर्थ नाही म्हणाले. शरद बघाल कदाचित, हिवाळ्याचं मात्र आम्ही सांगू शकत नाही. डॉक्टर चांगली होती, पोरगेलीशी, तिने हे सांगताना त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. त्या दिवसापासून वुब्बोला या जगात एकच गोष्ट हवी होती. फेन्नाच्या बापाने, त्यार्कने, एकदा आपला हात हातात घ्यावा. घ्यावा आणि कुणाचा हात आहे ते ठाऊक असताना घ्यावा. बाकी घरं, सभा, कायदे, सगळं झालं होतं, सगळं संपलं होतं, त्यातलं बरंचसं पाडूनही झालं होतं. कोटावर राणीच्या हुकमाने मिळालेली फीत असायची, ती त्याने बसमध्येच काढून विजारीच्या खिशात टाकली. तरुणपणी हाच वुब्बो गाड्यावर उभा राहून ओरडायचा, राजघराण्याला बीट उपटायला पाठवा म्हणून. पासष्टाव्या वर्षी महापौराने ती फीत टोचली तेव्हा रडला बेटा. आता तिची पिन मांडीला टोचत होती.

खोलीत खुर्च्या गोलात मांडलेल्या, पाठी भिंतीला, गुडघ्यांवर कॉफीच्या बश्या, प्रत्येकाच्या बशीत केकचा एकेक तुकडा, दुसरा मागायची पद्धत नाही. आलेल्याने एका टोकापासून सुरुवात करायची, प्रत्येकासमोर वाकायचं, हात पुढे करायचा आणि अभिनंदन करायचं. नवऱ्याचं बायकोबद्दल, शेजारणीचं शेजारणीबद्दल, बापाचं लेकीबद्दल. जन्म एकाचा आणि अभिनंदन साऱ्या खोलीचं. वुब्बोने आयुष्यात इतके हात हातात घेतले होते की कुणी मोजले असते तर एखादं शहर भरलं असतं, पण त्या गोलात तिसऱ्या खुर्चीपाशी पोचेपर्यंत त्याच्या काखा ओल्या झाल्या. खिडकीजवळच्या उंच पाठीच्या खुर्चीत त्यार्क बसला होता. पंच्याऐंशी वर्षांचा. खांदे अजून तसेच, दारात आडवे अडकतील असे. वुब्बोला वाटलं होतं, हा हात खिशात घालेल. किंवा मान फिरवेल. किंवा सरळ म्हणेल, चालता हो. तसं म्हणाला असता तरी चाललं असतं. ‘लेकीबद्दल अभिनंदन,’ वुब्बो त्या आपल्या फाटक्या आवाजात पुटपुटला आणि त्यार्कचा हात पुढे आला. आला! कोरडा, ऊबदार, खरबरीत. ‘धन्यवाद, धन्यवाद,’ त्यार्क म्हणाला. वुब्बोला पुढच्या खुर्चीत कोण आहे ते दिसेना. कसंबसं गोल पुरं करून ‘जरा येतो’ म्हणून तो इथे येऊन दाराला कडी लावून बसला. रडायला. आणि खरंच दोन मिनिटं छान रडला, जन्मात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं त्याला. मग नाक पुसलं, डोळे पुसले, आणि समोर बघितलं.

दारावर टकटक झाली. ‘आत कुणी आहे का हो?’ म्हातारीचा आवाज. शेजारची डीना. मघाशी तिने त्याचा हात सोडताना मोठ्याने सांगितलं होतं की तुम्हाला टीव्हीवर बघितलंय, तेव्हा जास्त गोरे दिसायचा.

‘आहे,’ वुब्बो म्हणाला.

‘वेळ लागेल का?’

‘थोडा.’

‘थोडा म्हणजे किती? नाही, मला गोळ्या चालू आहेत लघवीच्या, म्हणून विचारते.’

‘आलोच,’ तो म्हणाला आणि तसाच बसून राहिला. उजवा हात मांडीवर पडला होता. तर्जनीची दोन पेरं नव्हती, एक होतं, त्याच्या टोकाला कातडी गोळा होऊन गाठ झालेली. पंधराव्या वर्षी गेली ती. मेडरहामच्या कारखान्यात गव्हाच्या काडाचा पुठ्ठा व्हायचा. काड चुन्यात शिजायचं, कालव्याला साबणासारखा फेस यायचा, साऱ्या गावाला कुजक्या अंड्यांचा वास, आणि त्या वासाला कुणी वास म्हणायचं नाही. पुठ्ठा दाबायच्या रुळांमध्ये बोट गेलं तेव्हा दुखलं नाही, फक्त हात हलका झाल्यासारखा वाटला. त्यार्क अठरा-एकोणीसचा असेल. त्याने आपला मफलर काढून हाताला करकचून आवळला, वुब्बोला सायकलच्या कॅरिअरवर टाकलं आणि सात किलोमीटर वाऱ्याच्या तोंडावर पॅडल मारत डॉक्टरकडे नेलं. आणि सारखा ओरडत होता. ‘बोल! बोलत राहा! गप्प बसलास तर मरशील, गाढवा, बोल!’ काय बोलणार? वुब्बो बोलला. शाळेतल्या कविता म्हटल्या, फुटबॉलच्या संघातली अकरा नावं म्हटली, आईला शिव्या दिल्या, रस्त्यावरच्या शेतांच्या मालकांची नावं वाचत गेला आणि प्रत्येकाला फासावर लटकवण्याची शिक्षा फर्मावली. त्यार्क हसत हसत पॅडल मारत होता. पुढे वुब्बो सभा गाजवायला लागल्यावर त्यार्क लोकांना सांगायचा, ‘याला भाषण कुणी शिकवलं? मी शिकवलं. माझ्या कॅरिअरवर.’

ते अर्धं बोट म्हणजे त्याची मिरवायची वस्तू होती. सभेत हात वर केला की पहिल्या रांगेतल्या बायका हळहळायच्या; कारखानदार भाषण करायचे, याला नुसता हात वर करावा लागायचा. एकोणतिसाव्या वर्षी नगरपालिकेत, सदतिसाव्या वर्षी घरबांधणी खात्यावर. दोनशे बारा घरं बांधली, प्रत्येक घरात न्हाणीघर. गावातल्या म्हाताऱ्या उद्घाटनाला नळ सोडून बघत राहिल्या होत्या. वाईट माणूस नव्हता वुब्बो. हे तो स्वतःला कितीदा सांगायचा, आणि खरंच नव्हता. मग राजधानी, मग सभागृहातली गादीची खुर्ची आणि नावामागे श्रीयुत, ‘मेनेर तिमर यांना तीन मिनिटं’, आणि तिथे हात मिळवताना ते बोट आपसूक तळव्यात दुमडलं जायला लागलं. मंत्र्यांच्या हाताला ती गाठ लागली की ते किंचित दचकायचे, ते नको वाटायचं. पुढे तो लाल पक्षच विरघळला, आणखी तीन पक्षांत मिसळून पर्यावरणवाला हिरवा झाला, त्यात म्हाताऱ्यांना जागा उरली नाही. मंडळं, समित्या, भिंतीवरची पदकं. बोट दुमडलेलंच राहिलं. मघाशी त्यार्कच्या हातातही ते दुमडलेलंच गेलं असणार, सवयीने. हे आता, इथे बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

बाहेर डीना गेली नव्हती. तिच्याशी फेन्ना बोलत होती, दोघींचा आवाज दारातून जसाच्या तसा येत होता.

‘अगं, तुझ्या बाबांनी मला रूलोफ म्हणून हाक मारली की गं! माझ्यात आणि तुझ्या नवऱ्यात काही फरक आहे की नाही?’

‘मनावर घेऊ नका हो. त्यांना चेहरे दिसत नाहीत आता. काठाकाठाचं दिसतं, मधलं सगळं गेलं. कुणीही समोर आलं की हात पुढे करतात झालं.’

‘अरेरे. कधीपासून?’

‘दोन वर्षं झाली.’

वुब्बोने डोळे मिटून घेतले. कुणीही समोर आलं की. म्हणजे त्यार्कने त्याला हात दिलाच नव्हता. वाढदिवसाला आलेल्या एका कोटाला दिला होता. टपालवाला आला असता तर त्यालाही दिला असता. आणि आपण वेड्यासारखे इथे बसून रडलो! लाज वाटली, इतकी की कानाच्या पाळ्या तापल्या. हा आवाज त्याला ओळखू येणं शक्यच नाही. गळा कापून झाल्यापासून वुब्बोला स्वतःलाही तो ओळखीचा वाटत नव्हता. न बघता, न ओळखता मिळालेला हात. तो घेऊन मरायचं?

अठ्ठ्याहत्तरच्या वसंतात संप अकरा आठवडे चालला होता. मतदान कारखान्याच्या उपाहारगृहात झालं, आणि मागच्या खोलीत, बटाट्यांच्या पोत्यांवर बसून, दोघांनीच चिठ्ठ्या मोजल्या, वुब्बोने आणि त्यार्कने. चालू ठेवा, दोनशे एकवीस. संपवा, एकशे चौऱ्याऐंशी. त्यार्कने वुब्बोच्या पाठीत गुद्दा घातला आणि लघवीला गेला. तेवढ्यात राजधानीतल्या पक्षकचेरीतून फोन आला. निवडणूक तोंडावर आहे, संप संपला पाहिजे, बाकी तू बघ. बाकी तू बघ! तो माणूस एवढंच म्हणाला होता, खोटं बोल असं म्हणाला नव्हता. वुब्बो स्टेजवर चढला आणि आकडे उलटे वाचले. अगदी सोपं होतं ते, नुसती वरची ओळ खाली. खाली उभ्या त्यार्कचं तोंड उघडं राहिलं ते त्याने वरून बघितलं. चार महिने त्यार्क कुणाला काही बोलला नाही. वाट बघत होता तो, हे वुब्बोला पुढे समजलं; हा स्वतःहून येईल आणि बोलेल याची वाट. मग त्याने एका पत्रकाराला सांगून टाकलं. पक्षाची गोष्ट बाहेर सांगितली, याच्याहून मोठं पाप नव्हतं. तेवीस ऑक्टोबरला त्रेसष्ट माणसांसमोर अध्यक्षांनी विचारलं, ‘वुब्बो, तू होतास मोजायला. काय म्हणणं आहे तुझं?’ त्यार्क त्याच्याकडे बघत होता. रागाने नाही. कॅरिअरकडे मान वळवून बघायचा तसा, बोल म्हणून. वुब्बो काही बोलला नाही. आणि काढून टाकायच्या ठरावावर हात वर करायला सांगितलं तेव्हा त्रेसष्ट हात वर गेले, त्यातल्या एका हाताला पुरी तर्जनी नव्हती. कारखाना पुढच्याच वर्षी बंद पडला, संप चालू ठेवला असता तरी पडलाच असता, हेही वुब्बोने स्वतःला पुष्कळदा समजावून सांगितलं होतं.

‘मेनेर खासदार!’ दारावर धाडधाड झालं. फेन्नाचा नवरा रूलोफ, लालबुंद, आनंदी माणूस. ‘आत अधिवेशन भरलंय का? इकडे विरोधी पक्ष अडून उभा आहे! डीनाबाईंनी सभात्याग केला तर फरशी तुम्ही पुसायची, सांगून ठेवतो!’ खोलीतून हसण्याचा लोट आला. डीनाही हसत होती. वुब्बोने विजार वर घेतली, पट्टा आवळला, पण कडी काढली नाही, कारण त्याच क्षणी त्याला अकरा-अकरा आठवलं. म्हणजे विसरला तो कधीच नव्हता. फक्त त्या दिवसाला तारीख असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

अकरा नोव्हेंबर. त्यार्कचा वाढदिवस. पंचेचाळिसावा. आणि त्याच संध्याकाळी सण म्हणून पोरं बीट कोरून आत मेणबत्ती लावतात आणि गाणी म्हणत दारोदार खाऊच्या गोळ्या मागत फिरतात. गेस्के दर वर्षी म्हणायची, माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाला गाव दिवे लावतं. वुब्बो सायकलवर बैठकीला चालला होता. अंधार पडत होता. त्यार्कच्या घराचे पडदे उघडे होते, आत दिवा लागलेला, रस्त्यावरून सगळी खोली ताटात वाढल्यासारखी दिसत होती. बारा खुर्च्या. गोलात. नेहमीच्या बारा, त्यातल्या चार शेजारून मागून आणलेल्या असायच्या. त्या वेळी कुठून आणल्या होत्या कोण जाणे. मध्ये टेबलावर केक, न कापलेला. एका खुर्चीत त्यार्क, नव्या शर्टात, हात मांड्यांवर. त्याच्या शेजारी फेन्ना. बाकी दहा रिकाम्या. कारण पक्षाने काढलेल्या माणसाशी बोलायचं नाही असा निर्णय होता, आणि मेडरहाममध्ये पक्ष म्हणजे दुकान, पक्ष म्हणजे गाण्याचं मंडळ, पक्ष म्हणजे फुटबॉल, पक्ष म्हणजे शेजारी. पोरंसुद्धा दिवे घेऊन त्या दारावरून गाणं बंद करून पुढे जात होती, मग पुढच्या दारापाशी पुन्हा सुरू. वुब्बोने ब्रेक दाबला. एक पाय जमिनीला टेकला. आत जायचं, एका टोकापासून सुरुवात करायची, रिकाम्या खुर्च्यांसमोरसुद्धा वाकत वाकत जायचं, आणि म्हणायचं, अभिनंदन. पंचवीस पावलं नव्हती. कॉफीचा ट्रे घेऊन गेस्के स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने खिडकीकडे बघितलं. तिला काय दिसणार, वुब्बोला वाटलं, बाहेर अंधार आहे. त्याने पाय उचलला आणि पॅडल मारलं. त्याच्या सायकलचा दिवा पेटलेला होता.

चाळीस वर्षं तो समजत होता की त्यांचा राग त्या वर केलेल्या हातावर आहे. हाताचं गेस्केने मनावर घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर फुली तेविसाला पडली असती. अठरा-एकोणीस दिवस ती वाट बघत होती. बारावी खुर्ची तिने कुणासाठी मांडली होती? देवा रे, वुब्बो स्वतःशीच म्हणाला. कोपऱ्यातल्या वाटीएवढ्या बेसिनवर त्याने गार पाण्याने तोंड धुतलं. ठरलं. बाहेर जायचं आणि सांगायचं. बसमध्ये त्याने वाक्य घोळवून ठेवलं होतं: त्यार्क, मी वुब्बो, मी खोटं बोललो. त्यात आता आणखी एक जोडायचं होतं: आणि मी त्या संध्याकाळी थांबलो होतो. बस, दोन वाक्यं. ज्याने अंदाजपत्रकावर सलग चार तास भाषण केलं त्याला दोन वाक्यं जड का व्हावीत? मग त्यार्कने हात नाही दिला तर नाही दिला. त्याने साखळी ओढली, कडी काढली. डीना त्याला बाजूला सारून आत घुसली, ‘मेल्यांनो’ एवढंच ऐकू आलं.

गोलात एकच खुर्ची रिकामी होती, डीनाची. त्यार्कच्या शेजारची. वुब्बो जाऊन बसला. फेन्ना चीजच्या तुकड्यांची आणि मोहरीची बशी फिरवत होती. त्यार्कचं तोंड सरळ समोर, खिडकीच्या उजेडात त्याचे डोळे निळे, धड दिसत होते, त्यात काही बिघाड असेल असं कुणाला वाटलं नसतं.

‘कोण बसलंय इथे?’ त्यार्कने विचारलं. ‘डीनाबाई नव्हेत. डीनाबाईंना कापराचा वास येतो.’

लोक हसले. आणि हसून गप्प झाले. गोलाचं हेच वाईट. कुणी एक बोलायला लागला की बाकीच्यांना ऐकण्यावाचून काम नसतं. बारा चेहरे. रूलोफचा हसरा चेहरा. फेन्ना बशी हातात धरून उभी राहिली होती. वुब्बोने तोंड उघडलं. गळ्यातली गाठ जाणवली, तिच्यामागे दोन वाक्यं जाणवली, आणि त्याच वेळी आपल्या उजव्या हाताला अजून ती मघाची ऊब असल्यासारखी वाटली. हे सांगितलं की ती जाणार. एवढीशी तर होती.

‘डायकेमा,’ तो म्हणाला. ‘फेन्नाबाईंच्या शाळेत होतो. आता निवृत्त.’

रूलोफने कपाळाला आठी घालून बायकोकडे बघितलं. फेन्नाच्या हातातली बशी कलली, चीजचा एक तुकडा गालिच्यावर पडला, तो तिने उचलला नाही. ती वुब्बोकडे बघत होती आणि हुबेहूब गेस्केसारखी दिसत होती.

‘अस्सं, डायकेमा,’ त्यार्क म्हणाला. जरा वेळ त्याने मान हलवली. ‘मी या पोरीला एकाला कार्ड टाकायला सांगितलं होतं. म्हटलं, आपण दोघंही फार दिवसांचे नाही. येईल, नाव सांगेल, मग बघू. तिची आई असती तर टाकू दिलं नसतं.’ आणि मग, सहज, ‘तुमचा हात बघू जरा.’

त्याने तो मागितला नाही, घेतलाच. दोन्ही हातांत. मिटलेली बोटं एकेक करून उघडली, करंगळी, मग तिच्याशेजारचं, मग मधलं, शेंग सोलावी तशी, आणि तळव्यात दडलेलं ते अर्धं बोट बाहेर काढून त्याच्या गाठीवर आपला अंगठा ठेवला. अंगठा तिथेच राहिला. वुब्बोला मफलर आठवला, लोकर रक्ताने ओली झाली की तिला येतो तो वास आठवला. त्यार्क त्याच्याकडे वळला. मधलं काही दिसत नव्हतं त्याला, तरी वळला.

‘बोल,’ तो हळूच म्हणाला.

कुणाच्या तरी बशीत चमचा वाजला. बोल, वुब्बो स्वतःला म्हणाला, बोल गाढवा, कविता म्हण, अकरा नावं म्हण, काहीही. समोर फेन्ना होती, तिच्यामागे दार, दारापलीकडे बोळ, बोळाच्या टोकाला संडासात डीना साखळी ओढत होती.

‘लहानपणी दारात चेंगरलं होतं,’ तो म्हणाला. ‘बोट.’

त्यार्कचा अंगठा आणखी थोडा वेळ त्या गाठीवर राहिला. मग त्याने हात सोडला. फेकला नाही, वुब्बोच्या गुडघ्यावर नीट ठेवून दिला, दुसऱ्याची वस्तू परत ठेवावी तसा.

‘जपत जा, मेनेर डायकेमा,’ तो म्हणाला. ‘फेन्ना, ह्यांना केक मिळाला का गं?’